काचेचं माप

लॅपटॉपचा पडदा बिघडला की आमच्या बरकतपुऱ्यातली माणसं आधी आमच्या बिल्डिंगीत यायची, मग दुकानात. तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला सोनवणे भाऊजींचं घर. दार सकाळपासून उघडं. चपला बाहेर काढायच्या, मशीन टेबलावर ठेवायचं आणि गप्प बसायचं. तुम्ही बोलायला लागलात की ते हात वर करायचे. "थांबा. आधी त्याचं ऐकू द्या. तुमचं मग."

ते गेल्याचं मला फोनवर कळलं. पुण्याहून त्यांच्या मुलानं, प्रवीणनं केला. मी मेथी निवडत होते, ती तशीच पुढ्यात राहिली. पुण्यात त्यांना कोण ओळखत असणार? डोळे गेलेला एक म्हातारा, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला, एवढंच. म्हणून हे लिहिते.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला लॅपटॉपमधलं काय कळतं? खरं आहे. मी चौथीपर्यंत तेलुगू शाळेत गेले, मराठी अक्षरं लग्नानंतर पुड्यांच्या कागदांवरून शिकले. पण एका माणसाच्या दारात बसून वर्षानुवर्षं चहा प्यायलात तर चार गोष्टी कानात राहतातच.

भाऊजी मूळचे परभणीकडचे. टेलिफोन खात्यात नोकरी झाली, तिथंच निवृत्त झाले. अंगानं काटकुळे, आणि एप्रिलच्या उन्हातसुद्धा पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबल, टेबलावर कुणाकुणाच्या मशिनी. बायको, आमच्या कमलबाई, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या जुन्या साडीचा मऊ तुकडा भाऊजींच्या खिशात असे आणि त्यानंच ते पडदे पुसत. दुसऱ्या फडक्याला हात लावत नसत.

लोकांच्या जुन्या, दम लागलेल्या मशिनींत ते लिनक्स घालून द्यायचे. जगभरच्या माणसांनी मिळून केलेलं, कुणाच्या मालकीचं नसलेलं, फुकटातलं. "गरिबाचं आहे पण भिकाऱ्याचं नाही," असं ते म्हणायचे. त्याचं एकच दुखणं, पडद्यावर रुसायचं. मला त्यांनी एकदा समजावलं होतं, ते असं. काचेत बारीक ठिपके असतात, आडवे इतके, उभे इतके, ते कारखान्यातच ठरलेलं. त्याच मापाचं चित्र पाठवलं तर अक्षर सुईसारखं टोकदार येतं. मशीनला माप कळलं नाही की ते घाबरतं आणि लहानातलं लहान चित्र पाठवून देतं. मग तेच ओढून ताणून काचभर पसरतं. अक्षरं फुगतात, कडेला काळ्या पट्ट्या येतात, खालची बटणं पडद्याबाहेर पडतात. "प्रत्येक काचेचं आपलं एक माप असतं, वैनी. ते तिला द्या, ती ओरडत नाही."

हे ऐकवायचं कारण मीच होते. भाच्यानं दिलेल्या लॅपटॉपवर मला अक्षरं बारीक दिसायची. कुणीतरी सांगितलं, रिझोल्यूशन कमी करा, मोठी होतात. केलं. अक्षरं झाली की गुलाबजामाएवढी! मी खूष. भाऊजींनी बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हे काय करून ठेवलंत?"

"दिसतंय की छान."

"छान कसलं! सूज आलीय त्याला. अक्षर मोठं करा, काच लहान नका करू. आपल्याला दिसंना म्हणून त्याला कशाला शिक्षा?"

मग मलाच बसवलं समोर, यादीतलं योग्य माप माझ्याच हातानं निवडायला लावलं. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला, आणि मधोमध एक चौकट उघडली. हे बदल ठेवायचे का, असं विचारत होती आणि खाली उलटे आकडे पडत होते. मी घाबरले. ते म्हणाले, "घाबरू नका. समजा चुकीचं माप दिलं आणि पडदा पुरता गेला, तर माणूस बटण कसं शोधणार? म्हणून ते थोडा वेळ थांबतं. उत्तर आलं नाही तर समजून घेतं की समोरच्याला दिसंना, आणि आपणहून पहिलं होतं तसं करतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "एवढी समज माणसात असती, तर काय पाहिजे होतं!"

मलकपेठेचे एक शिलाईवाले यायचे, अस्लमभाई. त्यांच्या मशीनमध्ये कशिद्याचे नमुने होते. एकदा मशीन चालू, पंखा घुमतोय, पडदा मात्र काळाठिक्कर. बिचारे रडवेले होऊन आले.

"गया क्या साब?"

"गया नक्को बोलो. जागा है. दुसरे कमरे में बैठा है."

झालं असं होतं की लग्नाच्या हॉलमध्ये कुणीतरी ते मशीन मोठ्या पडद्याला जोडलं होतं. जोडणी काढली तरी मशीन आपलं बाहेरच्याच पडद्याला चित्र पाठवत होतं. बाहेर तर कुणीच नाही. भाऊजींनी खुर्ची पुढं ओढली, तीन बटणं एकदम दाबली आणि त्या काळ्या काचेसमोर टाइप करायला लागले. डोळे खिडकीकडे. बोटं मात्र पेटीवर चालावीत तशी. नाव टाकलं, पासवर्ड अस्लमभाईंना कानात विचारून टाकला, मग एक लांबलचक ओळ. समोर अक्षर नाही की काही नाही! शेवटचं बटण दाबलं आणि पडदा लख्ख उजळला. अस्लमभाईंनी त्यांचे हातच धरले. "आंखां बंद करके बनाते जी तुम!"

आम्ही सगळे हसलो. भाऊजीसुद्धा. त्या वेळचं ते हसणं मला आता वेगळं आठवतं.

त्यांची आणखी एक खोड, म्हणजे आम्हाला तेव्हा खोड वाटायची. मशीन ज्याचं, त्यानं पडदा मोठ्यानं वाचायचा. आणि लिनक्समधली भाषा ते हटकून मराठी करून ठेवायचे. आमची इथली पोरं घरात मराठी बोलतात, तीही इथल्या उर्दूतलं हौ-नक्को घालून, पण वाचायची वेळ आली की तोंड लपवतात. शाळेत मराठी नाहीच तर येणार कुठून? भाऊजी म्हणायचे, "पुस्तक दिलं तर पळतात पोट्टे. मशीनच मराठीत केलं की झक मारून वाचतील." मग चालायची शाळा.

"वाच. काय लिहिलंय?"

"प्र... प्रद... काका, इंग्लिश करो ना जरा."

"नक्को. वाच. मोठ्यानं."

"प्रदर्शन... मांडणी."

"शाब्बास. पडद्याचं माप तिथंच असतं. कडेला काळी पट्टी आहे का बघ. काच भरली का? नीट बघून सांग."

आम्हाला कौतुक होतं. म्हातारा शिकवतोय, म्हणायचो. पोरं चिडवायची, "काका तुम्हीच बघा की, समोरच तर आहे." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मशीन माझं आहे का? ज्याचं त्यानं बघावं."

एका दुपारी मी भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन खाली गेले. ते टेबलाशी होते, नाक पडद्याला टेकेल इतकं पुढं वाकून. त्यांच्या स्वतःच्या मशीनवर चारच चित्रं होती, भाकरीएवढी, कडा विरघळलेल्या. सर्वांत लहान माप. मी म्हटलं, "अगं बाई! सूज आली की तुमच्या काचेला." त्यांनी झाकण मिटलं. "तपासायलोय. एकाचं असं झालंय, ते घरी करून बघायलोय." ते म्हणजे असलं करून बघणारच. मी भाकरी झाकून ठेवली आणि वर आले.

महिन्या-दोन महिन्यांनी ते अफझलगंजला जायचे. "लायब्ररीत जाऊन येतो," म्हणायचे. परतताना हातात पुस्तक नसायचं, डोळ्यांवर काळा चष्मा असायचा. ऊन असतं, मी समजायचे. साखरेचा त्रास त्यांना जुना होता. त्यानं डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरत होतं आणि ते तिथल्याच दवाखान्यात डोळ्यात सुई टोचून घेत होते, हे मला फार नंतर प्रवीणकडून कळलं. त्याला तरी कुठं वेळेवर कळलं होतं! तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, पप्पा, इथं या, एकटे राहू नका. आणि भाऊजी मला म्हणायचे, "तिथं मी कोण, वैनी? टीव्हीसमोरचा म्हातारा. इथं निदान लोक मशीन घेऊन येतात. डोळे बिघडले म्हणून कळलं, की दुसऱ्या दिवशी गाडीत घालून नेईल तो." ते हे हसत म्हणाले होते, दुसऱ्याच कुणाच्या डोळ्यांची गोष्ट करावी तसं.

मग स्नेहल आली.

दिगंबररावांची मुलगी ती, शेजारच्या गल्लीतली. दिगंबररावांचं अफझलगंजला मिरची-धण्याचं दुकान. काय आवाज होता त्या माणसाचा! पोती मोजताना एक म्हणायचे नाहीत, जुन्या रीतीनं "लाभ" म्हणायचे, मग दोन, तीन. रस्त्याच्या पलीकडे ऐकू यायचं. त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनच्या आधी स्नेहलनं त्यांचा आवाज भरून ठेवला. सगळ्यांच्या नावानं हाका, नातवाला दटावणं, दुकानातलं लाभ-दोन-तीन. ते सगळं तिच्या लॅपटॉपमध्ये होतं. दिगंबरराव बरे होऊन घरी आले, गळ्याला भोक आणि त्यावर पांढरा रुमाल. संध्याकाळी घरात कुणीतरी तो आवाज लावायचं आणि ते स्वतः बसून ऐकायचे.

तिच्या मशीनचा पडदा नेहमीसारखाच रुसला होता. फुगलेली अक्षरं, काळ्या पट्ट्या. लिनक्स जुनं होतं, त्याला ती काच नीट ओळखता येईना. भाऊजी म्हणाले, नवं घालावं लागेल. त्यांनी आधी विचारलं, ते नेहमी विचारायचे, "आत जपायचं काही आहे?"

"बाबांचा आवाज आहे, काका. बाकी गेलं तरी चालतंय."

"मग घर तसंच ठेवू, फक्त भिंती नव्या बांधू. दुसरीकडे उतरवून घेतलंय का?"

"फोनमध्ये होतं, पण फोन गेला चोरीला. तुम्ही आहात की."

खरं तर आधी उतरवून घ्यायला हवं होतं. ते इतरांना हेच बजावायचे. पण जुनं ठेवून नवं घालायचं काम त्यांनी इतक्यांदा केलं होतं की बोटांना पाठ होतं. मी आत त्यांच्या ओट्याशी चहा टाकत होते. बाहेरचं बोलणं कानावर येत होतं.

नवं घालताना मशीन एकदा विचारतं, आतलं जुनं राखू की पुसू; नव्या लिनक्समध्ये त्या पर्यायांचा क्रम बदलला होता. पूर्वी वर असायचं, जुनं राखा. आता वर होतं, सगळं पुसा. भाऊजींच्या बोटांनी सवयीनं वरचं निवडलं. मग त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, "वाच ग पोरी. घर राखायचं लिहिलंय ना?"

स्नेहल नोकरी करणारी, लग्न झालेली बाई. तिला देवनागरी धड वाचता येत नव्हती. त्या फुगलेल्या, कडा तुटलेल्या अक्षरांत तर काहीच लागेना. पण इतक्या मोठ्या वयात, काकांसमोर, अडखळत वाचायचं? ती म्हणाली, "हौ काका, तेच आहे."

आणि त्यांनी बटण दाबलं.

मी चहा घेऊन आले तेव्हा दोघं निवांत होती. पडदा भरत होता. शेवटी मशीन परत चालू झालं, अक्षरं कशी लख्ख, काळी पट्टी नाही, काही नाही. भाऊजी म्हणाले, "उघड आता. आवाज लाव बाबांचा."

आत काही नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस भाऊजींनी ते मशीन सोडलं नाही. पुसलेल्यातून परत काढायची त्यांची एक रीत होती, कोठी भागातल्या एका दुकानदाराचीही मदत घेतली. तुटके तुकडे निघाले, कुणाचं अर्धं छायाचित्र, कुठला हिशेब. एकदाच आवाजाची एक फाइल निघाली. आम्ही तिघं ऐकत बसलो. दुकानातल्या पंख्याचा आवाज येत होता, खर्र खर्र. दिगंबरराव बोलायला सुरुवात करणार, त्याच्या आधीचा तो तुकडा होता. पुढं काही नाही.

स्नेहल तिथंच रडली. "मला वाचायलाच येत नाही, काका. मी नुसतं हौ म्हटलं."

"तुझं काही नाही ग," ते म्हणाले. "बटण मी दाबलं." पण आपल्याला का वाचता आलं नाही, ते तेव्हाही बोलले नाहीत.

चार दिवसांनी दिगंबरराव स्वतः आले, स्नेहलला घेऊन. मी तिथंच होते. समोरच्या खुर्चीत बसले, गळ्याचा रुमाल नीट केला. भाऊजी उभे राहिले, हात जोडले.

"दिगंबरराव, माझ्या हातून फार मोठं नुकसान झालं."

दिगंबररावांनी हात वर केला आणि पंजा दोनदा आडवा हलवला.

भाऊजी तसेच उभे. वाट बघत. मग ते म्हणाले, "काहीतरी बोला हो. शिव्या तरी घाला."

असं आवाज गेलेल्या माणसाला! स्नेहल पांढरीफटक पडली. दिगंबररावांचा हात अजून वरच होता. ती हळूच म्हणाली, "काका, बाबा हात करायलेत ना तुम्हाला. दिसंना का?"

भाऊजींनी मान त्या दिशेला वळवली, पण हाताकडे नाही, खिडकीच्या उजेडाकडे. तेवढ्यानं आम्हाला सगळं कळलं. ती वाच-वाचची शाळा, काळी पट्टी बघ, काच भरली का बघ. सगळं.

"जाऊ द्या म्हणतायत ते," मी म्हटलं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. दिगंबरराव खरंच तसं म्हणत होते का, मला आजही सांगता येणार नाही. तो हात 'जाऊ दे'चाही असेल आणि 'आता पुरे कर'चाही. ते उठले आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. नंतर ते रस्त्यात भेटले की मान हलवायचे, पण त्या दारात परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींचं दार बंद. लोक मशिनी घेऊन यायचे, बेल वाजवायचे, परत जायचे. बिल्डिंगीतली गोष्ट बिल्डिंगीत राहत नाही. आठवड्याच्या आत प्रवीण आला. चांगला मुलगा, बापावर ओरडला नाही. एकदाच म्हणाला, "पप्पा, मला तरी सांगायचं होतं." त्यावर भाऊजी, "सांगितलं असतं तर इतकी वर्षं राहिलो असतो का इथं?"

निघायच्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. सामान बांधलेलं, तसबीर उतरवलेली, तिच्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग. टेबलावर त्यांचं मशीन तेवढं उघडं होतं, तीच भाकरीएवढी चित्रं घेऊन.

"हे तुम्हाला ठेवा, वैनी. आधी त्याचं माप त्याला देऊन टाका. मी फार दिवस अडवून धरलं."

"तुम्हाला मग काहीच दिसणार नाही त्यात."

"आताही कुठं दिसतंय! वाचा. प्रदर्शन मांडणी. यादी उघडा. सगळ्यात वरचं."

मी वाचत गेले, ते सांगत गेले. बटण दाबलं. पडदा काळा झाला, परत आला. अक्षरं मोहरीएवढी झाली, पण काय टोकदार!

"काळी पट्टी?"

"नाही."

"काच भरली?"

"भरली, भाऊजी. काठोकाठ."

त्यांनी खिशातला कमलबाईंच्या साडीचा तुकडा काढला आणि अंदाजानं पडदा पुसला. मधोमध चौकट उघडली होती. मी म्हटलं, "ते विचारतंय, हे बदल ठेवायचे का?"

आकडे उलटे पडत होते. "भाऊजी, हौ म्हणू का?" मी परत विचारलं. तोंड खिडकीकडे करून ते नुसते बसून राहिले. माझं बोट बटणावर होतं. माझ्याच्यानं ते दाबवलं नाही. पडदा पुन्हा एकदा विझला आणि ती फुगलेली, विरघळलेली चित्रं जागच्या जागी परत आली. तेवढा उजेड हललेला त्यांना जाणवला असावा.

"गेलं ना मागं?"

"गेलं."

"हं," ते म्हणाले. "त्याला कळलं."

बाहेर ऑटो आला होता. प्रवीण त्यांचा कोपर धरायला पुढं झाला, त्यांनी तो सोडवून घेतला. इस्त्रीचा शर्ट, मनगटापर्यंत बटण. तर्जनी भिंतीला लावून ते निघाले. नवी काच हातात आली की तिची कड कुठं संपते ते बघायला याच बोटानं ते चारी बाजूंनी चाचपून घ्यायचे. जिन्याची कड, दाराची चौकट, फाटकाची सळई. फाटकाशी भिंत संपली, तिथं ते बोट थोडा वेळ हवेत तसंच राहिलं.